यादीतला पहिला नंबर

२००४ सालापर्यंत महाराष्ट्रातल्या लोकसभा मतदारसंघांची सरकारी यादी उघडली की पहिलं नाव यायचं राजापूर. दुसरं रत्नागिरी, तिसरं कुलाबा, मग मुंबई. मोजणी दक्षिण कोकणातून सुरू व्हायची, गोव्याच्या वेशीपासून वर. विधानसभेच्या यादीतही क्रमांक एक सावंतवाडीचा. सरकारी यादीत पहिलं यायची सवय कोकणाला नाही, त्यामुळे या एवढ्याशा गोष्टीचंही आम्हाला अप्रूप होतं. २००९ च्या निवडणुकीला मोजणी नंदुरबारपासून सुरू झाली. सावंतवाडी एकवरून थेट २७० वर गेली आणि राजापूर लोकसभा यादीतून उडालीच. तिचा बहुतेक मुलूख ज्या मतदारसंघात गेला त्याचं नाव रत्नागिरी-सिंधुदुर्ग, क्रमांक ४६.

विधानसभेला राजापूर अजून आहे. गेलं ते लोकसभेचं राजापूर. बावन्न वर्षांत तिथे तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि खासदार झाले फक्त चार: बॅरिस्टर नाथ पै तीन वेळा, प्राध्यापक मधू दंडवते पाच वेळा, सुधीर सावंत एकदा, सुरेश प्रभू चार वेळा. काँग्रेसला ही जागा मिळाली ती एकदाच, १९९१ साली. हे आकडे इतके नीटस आहेत की त्यावरून पटकन एक गोष्ट रचली जाते. राजापूरचा मतदार म्हणे मोठा जाणता, माणूस पारखून घेणारा, लाटेत न वाहणारा. आमच्याकडे गजालीला बसलं की अजूनही हे ऐकायला मिळतं. मला ते अर्धंच पटतं, पण त्याकडे नंतर येतो.

आमचं घर देवगड तालुक्यात. ते पणजोबांनी बांधलं तिथेच आहे, चिरेबंदी जोतं हललेलं नाही. पण त्या घराचा पत्ता किती वेळा बदलला बघा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, ते मुंबई राज्यातल्या ‘रत्नागिरी दक्षिण’ मतदारसंघात होतं. तिथून काँग्रेसचे मोरेश्वर जोशी निवडून गेले. १९५६ च्या नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि कच्छच्या रणापासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत सगळे एका राज्यात आले. पुढच्याच वर्षी निवडणूक लागली आणि यादीत राजापूर हे नाव उगवलं. १९६० साली घर महाराष्ट्रात गेलं. १९८१ साली जिल्हा बदलला. २००८ साली विधानसभेचा देवगड मतदारसंघ जाऊन कणकवली आला आणि लोकसभेचं राजापूर जाऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग आलं. आजीने तिच्या हयातीत एवढं सगळं बदलताना पाहिलं आणि पत्रावर मात्र शेवटपर्यंत ‘ता. देवगड, जि. रत्नागिरी’ असंच लिहिलं. पत्रं पोचायची. पोस्टमनला आजी माहीत होती, जिल्हा कुठला का असेना.

१९५७ सालच्या राजापूरची एक गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. या मतदारसंघाची दक्षिणेकडची हद्द ही देशाचीच हद्द होती. बांद्याच्या पलीकडे पोर्तुगालचं राज्य. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, ती जागा इथून हाकेच्या अंतरावर. वेंगुर्ल्यात जन्मलेला आणि विलायतेत शिकून आलेला एक तरुण बॅरिस्टर दोन वर्षांनी या भागातून लोकसभेत गेला आणि गोव्यावर बोलू लागला, तेव्हा तो परराष्ट्र धोरणावर बोलत होता की स्वतःच्या मतदारसंघाच्या वेशीवर, हे वेगळं काढणं अवघड आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि ती सरहद्द नुसती दोन प्रशासनांमधली रेघ उरली.

रेघही सरळ नाही. आपण समजतो नदी म्हणजे नैसर्गिक सीमा. तेरेखोलला जाऊन बघा. नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे आमच्या बाजूला, रेडी-शिरोड्याच्या शेजारी, एक किल्ला आणि त्याखालचं गाव. ते गोव्यात. पोर्तुगीजांनी किल्ला घेतला होता, म्हणून. नदी मधून वाहते, पण सीमा तिला विचारून आखलेली नाही. तेरेखोलच्या माणसाला आपल्याच तालुक्यात जायचं तर फेरीबोट धरायची, आणि महाराष्ट्रात यायचं तर चालत.

नाथ पैंबद्दल आमच्या घरात जे बोललं जायचं ते सगळं भाषणांबद्दल. सभा कुठे झाली, किती उशिरा सुरू झाली, पेट्रोमॅक्सच्या उजेडात लोक किती वेळ बसून राहिले. काय बोलले ते मात्र फारसं कुणाला सांगता यायचं नाही. त्यांचं संसदेतलं सर्वांत मोठं काम या मुलुखात बहुतेकांना ठाऊकही नाही. १९६७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यावर उत्तर म्हणून नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक मांडलं, संसदेचा तो अधिकार परत मिळवण्यासाठी. विधेयक मंजूर झालं नाही. १९७० च्या डिसेंबरात लोकसभा बरखास्त झाली आणि १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै गेले, पन्नाशीही न गाठता. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली आणि विधेयकातला मुद्दा कायद्यात आला. एका टोकाच्या, रेल्वे नसलेल्या, पावसाळ्यात चार महिने जवळपास बंद असणाऱ्या मतदारसंघाचा खासदार दिल्लीत घटनेच्या गाभ्यावर वाद घालत होता, आणि मतदारांना त्याचा अभिमान होता पण तपशील नको होता. मला यात वावगं काही दिसत नाही. खासदाराने असंच असावं असं त्या काळी लोकांना वाटायचं.

दंडवते नगरचे. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. कोकणाशी त्यांचा संबंध पक्षाचा, नात्याचा नाही. तरी १९७१ च्या इंदिरा लाटेत ते निवडून आले आणि १९८४ च्या त्याहून मोठ्या लाटेतही, जेव्हा राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने नेल्या. मध्ये आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात गेले, बाहेर येऊन १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या त्यांच्या काळात आल्या. आणि हे करणाऱ्या मंत्र्याच्या स्वतःच्या मतदारसंघात तेव्हा रेल्वेचा एक रूळसुद्धा नव्हता! आमच्याकडच्या माणसाला त्या गादीवर झोपायचं तर आधी एसटीने रात्रभर घाट उतरत-चढत कोल्हापूर किंवा मुंबई गाठायला लागायची.

चिन्हांची गंमत वेगळीच. प्रजासमाजवादी पक्षाची झोपडी, मग जनता पक्षाचा चक्रातला हलधर, मग जनता दलाचं चक्र. माणूस एकच, विचारही साधारण एकच, शिक्का मात्र दर खेपेला नव्या ठिकाणी मारायचा. वाचता न येणाऱ्या बायकांना कार्यकर्ते घरोघर जाऊन चिन्ह शिकवायचे. आमच्या वाडीतली एक काकी पुढे कित्येक वर्षं ‘मी झोपडेकच मत दिलंय’ म्हणायची, झोपडी कधीच गेलेली असताना. तिचं मत कुणाला पडलं कोण जाणे.

आता ते ‘जाणत्या मतदारा’चं. मतदानाच्या दिवशी शाळेत दोन रांगा असायच्या. बायकांची रांग व्हरांडा ओलांडून आंब्याच्या झाडापर्यंत. पुरुषांची रांग पायऱ्यांवरच संपायची, त्यातही म्हातारे जास्त. यादीत पुरुषांची नावं भरपूर, पण ती माणसं लालबाग-परळला. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०७९. साऱ्या देशात हा आकडा हजाराच्या खाली असताना. ही काही मुलींच्या सन्मानाची आकडेवारी नव्हे. पुरुष मुंबईत आहेत, एवढाच तिचा अर्थ. चूल मनिऑर्डरवर चालायची. गिरणीतल्या माणसाचं मत मुंबईत युनियनच्या सभेत घडायचं आणि अंतर्देशीय पत्रातून गावात यायचं. गावात सेवादलाच्या शाखेत वाढलेले शिक्षक ते वाचून दाखवायचे. जाणतेपणा होता, नाही असं नाही. पण त्यामागे ही पत्रांची आणि मास्तरांची सोयही होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, मुंबईतल्या कोकणी माणसाने शिवसेना धरली, आणि पुढे पंधरा वर्षांत राजापूरही धनुष्यबाणाकडे गेलं. आधीचे जाणते आणि नंतरचे अडाणी, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पत्र पाठवणारा बदलला.

कोकण रेल्वेचं असंच. १९८९ च्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री; १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ झालं. वर्षभरात निवडणूक लागली आणि दंडवते राजापुरात पडले. रूळ यायचे होते तेव्हा. मुंबईची गाडी थेट कोकणातून पुढे धावली ती २६ जानेवारी १९९८ ला, प्रभूंच्या काळात. आणि प्रभू रेल्वेमंत्री झाले २०१४ साली, मग राज्यसभेवर गेले, आणि तेव्हा राजापूर लोकसभा अस्तित्वात नव्हती. एका मतदारसंघाने देशाला दोन रेल्वेमंत्री दिले म्हणावं तर एकाच्या वेळी रेल्वे नाही, दुसऱ्याच्या वेळी मतदारसंघ नाही.

हद्दींची कथा खरी बिघडली ती १९७६ ला. आणीबाणीत बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि जागांचं वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं गेलं. १९७७ साली जी हद्द होती तीच २००४ पर्यंत, नऊ निवडणुकांना. इकडे जमिनीवर सगळं बदलत होतं. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा निघाला. मतदारसंघाचा मोठा भाग नव्या जिल्ह्यात, आणि ज्या गावाचं नाव मतदारसंघाला, ते अर्जुनेच्या काठचं राजापूर जुन्या जिल्ह्यात, मतदारसंघाच्या उत्तरेकडच्या भागात. दोडामार्गच्या माणसाचा खासदार ‘राजापूरचा’, आणि त्या माणसाने राजापूर पाहिलेलं असायचं ते मुंबईला जाताना एसटीच्या खिडकीतून.

शेजारी कुलाब्यात तर याहून मजा. जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना. लोकसभेच्या यादीत कुलाबा तसंच राहिलं. जिल्ह्याचं नाव बदलणारे अंतुले २००४ साली खासदार झाले तेही कुलाब्याचेच.

मग २००२ साली परिसीमन आयोग, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा आयोग, नेमला गेला, न्यायमूर्ती कुलदीप सिंग अध्यक्ष. राज्याच्या एकूण जागा हलवायच्या नाहीत, महाराष्ट्राच्या ४८ आणि २८८ कायम, पण राज्याच्या आत २००१ च्या लोकसंख्येप्रमाणे रेघा नव्याने ओढायच्या. आमच्याकडे यावर खूप राजकीय तर्क लढवले गेले. अमक्याने तमक्याचा मतदारसंघ खाल्ला, दिल्लीत वजन वापरलं वगैरे. मी एकदा पाठकोऱ्या कागदावर भागाकार करून पाहिला आणि माझ्यापुरते ते तर्क संपले.

महाराष्ट्राची २००१ ची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७९ हजार. भागिले २८८, म्हणजे एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार. सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६९ हजार. भागाकार येतो २.५८, म्हणजे तीन आमदार. होते चार. रत्नागिरीची १६ लाख ९७ हजार, भागाकार ५.०४, म्हणजे पाच. दोन्ही मिळून आठ. आता एका लोकसभेत सहा विधानसभा. आठात सहा एकदाच जातात. उरले दोन. ते दोन म्हणजे दापोली आणि गुहागर. ते रायगडला जोडले गेले. तिकडे पनवेल, कर्जत, उरण रायगडमधून काढून मावळला, म्हणजे घाट चढून पिंपरी-चिंचवडबरोबर. जुन्या राजापूर आणि रत्नागिरी या दोन लोकसभांची मिळून एक झाली. वजन कोणाचंही वापरा, आठाला सहाने भागून दोन येत नाहीत. आयोगाच्या आदेशाला कायद्याचं बळ असतं; तो लोकसभेत आणि विधानसभेत ठेवला जातो, पण त्यात काना-मात्रा बदलायचा अधिकार आमदार-खासदारांनाही नाही.

कोणती गावं कुठे पडली याची गणितं मात्र माणसांनी केली आणि तिथे चिरफाड झाली. वेंगुर्ले, मालवण, देवगड ही तिन्ही नावं विधानसभेच्या यादीतून गेली. तिन्ही बंदरं. त्यांच्या जागी महामार्गावरची कुडाळ आणि कणकवली आली. हे नकळत झालं असेल, पण कोकणाचं तोंड समुद्राकडून रस्त्याकडे वळलं त्याची याहून स्वच्छ नोंद मला सापडलेली नाही. खेड गेलं; तिथून वर्षानुवर्षं निवडून येणारे रामदास कदम २००९ ला गुहागरात उभे राहिले आणि पडले. संगमेश्वरही गेलं, तालुका फोडून शेजाऱ्यांत वाटला. यादीत नुसतं ‘राजापूर’ असलं तरी स्थानिक वर्तमानपत्रं ‘लांजा-राजापूर-साखरपा’ असं लांबलचक लिहितात, चिपळूणला ‘चिपळूण-संगमेश्वर’ म्हणतात. आयोगाने कापलेलं नाव बातमीदार रोज परत शिवतात.

पण गेलेली जागा गेली कुठे? जागा नाहीशी होत नाही, ४८ च्या ४८ राहतात. त्याच आदेशात ठाणे जिल्ह्यातल्या विधानसभा १३ वरून २४ झाल्या. तिथे लोकसभेच्या दोन जागा होत्या, डहाणू आणि ठाणे. त्यांच्या चार झाल्या: पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे. तिथे कोण राहतं ते दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी पॅसेंजरमध्ये गणपतीच्या आदल्या आठवड्यात चढून बघावं. चढता आलं तर! परळच्या खोल्या विकून डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरारला गेलेला चाकरमानी जनगणनेत तिथे मोजला गेला, आणि त्याच्यामागोमाग त्याची लोकसभाही गेली. माझंही मत आता कल्याण मतदारसंघात आहे. तेव्हा राजापूर बुडालं म्हणून गळा काढायचा तर ते बुडवायला माझं एक डोकं कामी आलं, हे धरूनच.

२००९ ला नव्या मतदारसंघात प्रभूंना काँग्रेसचे नीलेश राणे यांनी हरवलं. हद्द बदलली म्हणूनच ते पडले असं मी म्हणणार नाही. जुन्या हद्दीतही वारं बदललं होतं. मला खटकतं ते वेगळं. चिपळूणपासून दोडामार्गपर्यंत महामार्गाने सव्वादोनशे किलोमीटरांहून जास्त अंतर. खासदाराने एका लग्नाला चिपळुणात आणि एका बाराव्याला बांद्यात जायचं म्हटलं तर त्याचा दिवस संपला. डोक्यांचा भागाकार करताना खाड्या, घाट आणि वाड्यांमधलं अंतर छेदात कुठेच येत नाही. परिसीमनाच्या कायद्यात भौगोलिक स्थिती आणि दळणवळणाची सोय पाहावी असं लिहिलेलं आहे, ‘शक्य तितकी’ या शब्दांसह. आमच्या वाट्याला ते ‘तितकी’ आलं.

आता पुन्हा तेच येऊ घातलंय. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवणूक आहे आणि जनगणना २०२७ ला ठरली आहे. तिचे आकडे यायचे तेव्हा येतील. २०११ चे आहेत, ते घेऊन मी पुन्हा भागाकार केला. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या त्या दहा वर्षांत चक्क घटली: रत्नागिरी १६ लाख १५ हजार, सिंधुदुर्ग ८ लाख ५० हजार. राज्य ११ कोटी २४ लाखांवर गेलेलं. जागा तेवढ्याच धरल्या तर रत्नागिरीला चार आमदार, सिंधुदुर्गाला दोन. बेरीज सहा, म्हणजे बरोबर एक लोकसभा. दापोली-गुहागर रायगडकडून परत येतील आणि १९८१ पूर्वीचा अखंड रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून दोडामार्गपर्यंत एकाच खासदाराच्या पदरात पडेल. १९५१ साली त्याच जिल्ह्याला दोन होते.

एकूण जागा वाढवल्या तर हे गणित बदलेल, आणि वाढवतील अशी चर्चा आहे. तरी सुनावणी लागेल तेव्हा गावातल्यांनी एक अर्ज द्यावा असं मी चुलतभावाला सांगितलंय. हद्दीबद्दल काही मागून मिळणार नाही, ते आकडेच ठरवतील. नाव तेवढं मागा. जोडनावाची पाटी कुणाच्याच तोंडी बसत नाही. गावाकडे अजून ‘आमचो खासदार’ एवढंच म्हणतात. मंडणगड ते दोडामार्ग असा लांबडा मतदारसंघ झालाच तर नकाशावर बोट ठेवून बघा, राजापूर आता एका बाजूला नाही. जवळजवळ मधोमध येतं.